फोटो नको, मजकूर पाठवा

भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळा तलावापासून हाकेच्या अंतरावर राहणारे एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. काकांची तीस वर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. समोरासमोर बोललेले त्यांना बऱ्यापैकी कळते, फोनवरचे मात्र अर्धेच कळते. काकूंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्याने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आणि आता अक्षरे दिसत नाहीत. पण काकू हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय त्यांनी भाचीकडून शिकून घेतली आहे.

एके दिवशी काकूंच्या रक्ततपासणीचा अहवाल ई-मेलने येतो. विषयाच्या जागी फक्त ‘रिपोर्ट’. आत एक शब्दही नाही, सोबत एक फोटो. फोन एवढेच सांगतो, ‘इमेज’. त्याच दुपारी दवाखान्यातून काकांना फोन येतो, ‘उद्या उपाशीपोटी या.’ काकांना ‘उद्या या’ एवढेच कळते. दुसऱ्या दिवशी दोघे चहा-बिस्कीट खाऊन दवाखान्यात पोहोचतात आणि तपासणी न करताच परततात.

हे जोडपे कल्पनेतले आहे, पण असे घर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. या प्रसंगात कोणी निष्काळजीपणा केला, असेही म्हणता येत नाही. प्रयोगशाळेने अहवाल वेळेवर पाठवला, दवाखान्याने आठवणीने फोन केला. दोन्ही निरोप निघाले, पण दोन्ही पोहोचले नाहीत. एक साधा, लिहिलेला ई-मेल दोघांनाही कळला असता. काकांनी तो वाचला असता आणि काकूंनी ऐकला असता.

ही केवळ सौजन्याची बाब आहे असे आपण आजवर धरून चाललो. आता तसे म्हणता येणार नाही.

न्यायालय काय म्हणाले

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन याचिकांवर एकत्रित निकाल दिला. एक याचिका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची होती. बँकेची डिजिटल ओळख पडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा, असे त्यांना सांगितले जात होते आणि जखमांमुळे त्यांना ते शक्य नव्हते. दुसरी याचिका पूर्णतः दृष्टिहीन असलेल्या एका नागरिकाची होती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितले, की डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देश दिले. डिजिटल सुलभतेची जबाबदारी पाहणारा अधिकारी नेमणे आणि या सेवांची ठरावीक काळाने तपासणी करणे हेही त्यांत आहे.

त्याआधी, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांच्या खटल्यात याच न्यायालयाने आणखी एक मूलभूत मुद्दा निकाली काढला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा सुलभता बंधनकारक करतो, पण त्याखाली २०१७ मध्ये केलेल्या नियमांतील नियम १५ (१) मात्र तिला शिफारशीसारखा वागवतो. कायदा ‘करायलाच हवे’ म्हणतो आणि नियम ‘केले तर बरे’, ही विसंगती न्यायालयाने अमान्य केली आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितले.

या कायद्याचे कलम ४२ सांगते, की ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावी. कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुलभतेच्या नियमांच्या कक्षेत आणते. ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत तर ब्रेल, मोठी अक्षरे आणि खुणांची भाषा यांच्यासोबत ‘सोपी भाषा’ही आहे. म्हणजे कळेल असे लिहिणे हाही कायद्याने मान्य केलेल्या सुलभ संवादाचाच भाग आहे.

हे सगळे किती जणांसाठी? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या वेळी आठ प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व आहे. शिवाय कामतघरच्या काकांसारखे अनेक जण कोणत्याही यादीत नसतात. ऐकू कमी येते, चष्म्याचा नंबर वाढला, हात थरथरतो. प्रमाणपत्र मात्र कोणी काढलेले नसते.

फोन मजकूर कसा वाचतो

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ आणि आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी ते तयार करायला सुरुवात केली आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन आहेत. आज मराठी बोलणारे आवाजही उपलब्ध आहेत.

हे साधन अक्षरांचा आकार पाहत नाही. प्रत्येक अक्षरामागे संगणकाने ठेवलेला सांकेतिक क्रमांक ते वाचते. ‘क’ला एक क्रमांक, ‘ख’ला दुसरा. मजकूर खराखुरा मजकूर असेल, तर याच क्रमांकांपासून आवाज तयार होतो, अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात किंवा जोडलेल्या उपकरणावर ब्रेलचे टिंब उमटतात. म्हणून मजकूर हे सर्वांत लवचिक रूप आहे. फोटो फक्त पाहता येतो, फोन कॉल फक्त ऐकता येतो. मजकूर मात्र ज्याला जसा हवा तसा होतो. फोटोत अक्षरे दिसत असली तरी त्यामागे क्रमांक नसतात, फक्त रंगांचे ठिपके असतात.

सही-शिक्क्याचा फेरा

आपल्याकडे मजकुराचे चित्र होते कुठे? बहुतेक वेळा त्याचे उत्तर एका टेबलावर सापडते. अहवाल, नोटीस किंवा परिपत्रक आज संगणकावरच तयार होते. त्या क्षणी ते पूर्णपणे वाचनीय असते. मग ते छापले जाते, त्यावर सही होते, शिक्का मारला जातो आणि तोच कागद स्कॅन करून किंवा मोबाइलने फोटो काढून पाठवला जातो. जे पाच मिनिटांपूर्वी काकूंचा फोन सहज वाचू शकला असता, ते आता त्याच्यासाठी कोरे पान झाले. यासाठी कोणी जादा पैसे खर्च केले नाहीत. उलट एक फेरा वाढवून मजकूर बंद केला.

सही-शिक्क्याला कायद्यात आणि व्यवहारात जागा आहे, हे खरे. पण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देऊन पाव शतक झाले आहे. आणि जिथे शाईची सहीच हवी, तिथे शिक्क्याच्या प्रतीसोबत मूळ संगणकीय प्रतही जोडता येते. निदान ई-मेलच्या मजकुरात महत्त्वाच्या चार ओळी लिहिता येतात.

आरोग्याच्या बाबतीत हे अधिक बोचते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाठबळ दिलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. अनेक वर्षे साखर ताब्यात नसेल तर डोळ्यांच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणजे ज्या आजाराचे आकडे सतत पाहत राहावे लागतात, तोच आजार आकडे पाहण्याची क्षमता हिरावून घेतो. अशा रुग्णाला अहवालाचा फोटो पाठवणे, म्हणजे त्याला आपली साखर शेजाऱ्याच्या मुलाकडून वाचून घ्यायला लावणे. साखरेचे एक वेळ ठीक. पण अहवाल गर्भधारणेचा असेल, क्षयरोगाचा असेल, एचआयव्हीचा असेल तर? दृष्टी नाही म्हणून खासगीपणही नाही, असा त्याचा अर्थ होतो.

फोनमधील ‘एआय’ वाचून देईलच की!

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आता फोटोतली अक्षरे ओळखणारी साधने आली आहेत. ती आली आहेत आणि अनेकांना त्यांचा मोठा आधार आहे. पण ती अंदाजाने वाचतात. तिरका धरलेला कागद, आकड्यावर आलेला शिक्का, पुसट छपाई, इंग्रजी-मराठी सरमिसळ, यांत चूक होते. कथेत एक अक्षर चुकले तर वाचक सांभाळून घेतो. अहवालात ७.५ चे ७५ झाले किंवा गोळीच्या मात्रेतला बिंदू गळाला, तर सांभाळून घ्यायला जागा नसते. शिवाय आपला वैद्यकीय अहवाल कुठल्याशा अनोळखी ॲपवर चढवायचा, म्हणजे खासगीपणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाठवणाऱ्याकडे अचूक मजकूर तयार असताना, घेणाऱ्याने तो अंदाजाने परत का मिळवावा?

मराठीची खास अडचण

इथे मराठीचे एक जुने दुखणे आडवे येते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकनासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘पाणीपुरवठा बंद’ दिसे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असे. अशा फॉन्टमधील मजकूर स्क्रीन रीडर वाचू लागला, की अर्थहीन इंग्रजी ध्वनी ऐकू येतात. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र क्रमांक मिळाले. तरी अनेक छपाईची दुकाने, कार्यालये आणि संस्था जुन्या फायली आणि जुने फॉन्ट अजून सोडायला तयार नाहीत.

पारख सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ निवडा, कॉपी करा आणि ई-मेलच्या कोऱ्या जागेत चिकटवा. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे. इंग्रजी चिन्हांचा कचरा उमटला, तर फॉन्ट जुना आहे. काना-मात्रा विस्कटल्या, तर पीडीएफ करण्याची पद्धत बदलायला हवी. जशीच्या तशी ओळ आली, तर फोनलाही ती वाचता येण्याची चांगली शक्यता आहे. ‘वऱ्हाळा’मधील ‘ऱ्ह’ नीट उमटतो का, एवढे कामतघरच्या माणसाने पाहिले तरी चाचणीचा बराच भाग होऊन जाईल.

रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचेही तसेच. डोळ्यांना ती सवयीने कळते, पण इंग्रजी आवाज ती इंग्रजी उच्चारांनी वाचतो आणि ऐकणाऱ्याला कोडे पडते. भिवंडीत मराठीच्या जोडीने उर्दू, हिंदी आणि तेलुगू घराघरांत बोलल्या जातात. खरा मजकूर असेल तर निदान तो भाषांतराच्या साधनात टाकता येतो. फोटोत ते सहज होत नाही.

खडखडाटातली माणसे

आता काकांकडे वळू. भिवंडी हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. जुन्या मागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायलाही ओरडावे लागते. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते. वर्षानुवर्षे त्याहून अधिक आवाज सोसला, तर कानातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. हे नुकसान साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच स्वरांपासून, सुरू होते. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने आधी हरवतात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. म्हणून ‘मोठ्याने बोललो तरी यांना कळत नाही’ अशी घरच्यांची तक्रार असते. फोनवर ओठही दिसत नाहीत, म्हणून गोंधळ वाढतो.

अशा माणसासाठी दोन ओळींचा लेखी निरोप हाच खरा फोन. ‘कॉल करा’ एवढाच मार्ग देणारी सूचना त्याच्यासाठी अपुरी आहे. जन्मतः कर्णबधिर व्यक्तींची गोष्ट आणखी वेगळी. अनेकांची पहिली भाषा खुणांची असते आणि लिहिलेली मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा. त्यांना ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर शिबिराचे आयोजन करण्यात आले असून त्याचा लाभ घेण्यात यावा’ हे वाक्य किती कळेल? ‘मंगळवारी सकाळी १० वाजता डोळ्यांची मोफत तपासणी आहे. जुने कागद सोबत आणा,’ हे लगेच कळते. आणि खरे सांगायचे, तर आपल्या सगळ्यांनाच लगेच कळते.

पाठवण्यापूर्वी एक मिनिट

सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सरकारी संकेतस्थळांसाठी भारताची स्वतःची तत्त्वे २००९ पासून आहेत. युरोपात तर २८ जून २०२५ पासून बँका आणि ऑनलाइन विक्रेत्यांसह अनेक सेवांवर सुलभतेचा कायदा लागू झाला. पण दवाखाना, शाळा, सोसायटी किंवा दुकान चालवणाऱ्याने ही सारी पाने वाचायची गरज नाही. पुढच्या काही सवयींनी बहुतेक काम होते.

एक, विषयाची ओळ नेमकी लिहा. ‘रिपोर्ट’ किंवा ‘महत्त्वाचे’ याऐवजी ‘१२ तारखेच्या रक्ततपासणीचा अहवाल’ लिहा. मात्र आजाराचे नाव विषयात नको. फोन ते लोकलच्या डब्यात मोठ्याने वाचू शकतो.

दोन, मुख्य गोष्ट ई-मेलच्या मजकुरातच लिहा: काय, कधी, कुठे, काय करायचे. जोडलेली फाइल ही पुरवणी असावी.

तीन, चित्र पाठवायचेच असेल, तर त्यात काय आहे ते शब्दांत सांगा. अनेक ई-मेल सेवांत चित्रासाठी असे पर्यायी वर्णन लिहिण्याची जागा असते. ती सापडली नाही, तर चित्राखाली दोन ओळी लिहा. आमंत्रणपत्रिकेचा फोटो असेल तर तारीख, वेळ आणि पत्ता टाइप करा.

चार, ‘येथे क्लिक करा’ टाळा. स्क्रीन रीडर वापरणारे अनेकदा फक्त दुव्यांची यादी ऐकतात. दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकून काही कळत नाही. ‘अहवाल उघडा’, ‘वेळ बदला’ असे लिहा.

पाच, फक्त रंगावर अर्थ सोडू नका. ‘लाल रंगातील आकडे धोक्याचे’ हे रंगांधळ्या माणसाला कळत नाही. आकड्यापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असा शब्द हवा. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे नकोत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ ला १ असावा, असा संकेत आहे. पांढऱ्यावर काळे लिहिले तर तो २१ ला १ होतो. म्हणजे साधी पद्धतच उत्तम.

सहा, चिन्हांची आरास आवरा. पाच वेळा जोडलेले हात आणि सात फुले टाकली, तर फोन त्यांची नावे वाचत बसतो आणि मुख्य निरोप मागे राहतो. एक पुरे.

सात, संपर्काचे दोन मार्ग द्या, बोलण्याचा आणि लिहिण्याचा. व्हिडिओ पाठवत असाल, तर त्यात बोललेले शब्द खाली अक्षरांतही दिसू द्या.

यांतील एकाही सवयीला पैसे लागत नाहीत. आणि लाभ दिव्यांगांपुरता राहत नाही. उन्हात पडदा न दिसणारा रिक्षावाला, स्वस्त डेटा पॅकमुळे फोटो न उघडणारा मजूर, चष्मा घरी विसरलेले आजोबा, शोधपेटीत ‘अहवाल’ लिहून सहा महिन्यांपूर्वीचा ई-मेल धुंडाळणारे आपण स्वतः, या सगळ्यांना मजकूरच उपयोगी पडतो.

न्यायालयाने हक्क मान्य केला, कायदा आहे, दंडाची तरतूदही आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्याला पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण एका ई-मेलसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. गेला तरी उद्याच्या तपासणीची वेळ तोवर टळून गेलेली असेल. हा हक्क प्रत्यक्षात येईल तो पाठवणाऱ्याच्या टेबलावर, ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वी.

कामतघरच्या त्या घरात पुढचा ई-मेल असा आला तर बघा: ‘१२ तारखेच्या तपासणीनुसार तीन महिन्यांची सरासरी साखर ७.५ टक्के. गुरुवारी सकाळी ८ वाजता उपाशीपोटी या. काही विचारायचे असल्यास याच ई-मेलला उत्तर द्या.’ काका तो वाचतील, काकू ऐकतील. आणि गुरुवारी सकाळी दोघेही चहा न घेता घराबाहेर पडतील.